ट्रेंबथांची रात्र आणि गाजराचा प्रश्न

बायकोला पाठीवर घेऊन बर्फावर सपशेल आडवं पडण्यात डेन्झिल ट्रेंबथला कधी अपमान वाटला नव्हता. तो दरवर्षी पडायचा. रेडस्टोन गावच्या आइस हॉकी संघाची ‘फिनिश रात्र’ आली, की मध्यंतरात बायकोला उचलून पळायची शर्यत असायची. फिनलंडात म्हणे ती फार मानाची. डेन्झिलची बायको हेल्वी फिनिश. त्यामुळे ‘आपले लाडके फिनिश जावई’ असा त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा, हेल्वी त्याच्या पाठीवर उलटी लटकायची, आणि मैदानातल्या निळ्या रेघेपाशी दोघंही कोसळायची. लोक हसायचे. सगळ्यांत आधी हेल्वी हसायची. एकसष्टीच्या माणसाने बर्फावर पळायला जाऊ नये हे त्यालाही कळत होतं, पण जावई म्हटलं की काही गोष्टी कराव्याच लागतात.

अपमान झाला तो पाटीमुळे. ढोपर चोळत तो खाण्याच्या गाडीपाशी गेला, तर तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘अस्सल पारंपरिक फिनिश पेस्टी. गाजरासह.’

आता पेस्टी म्हणजे काय, तर भट्टीत भाजलेली, दोन्ही हातांनी धरावी लागते एवढी मोठी करंजी. आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम. ती कॉर्नवॉलची. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडच्या नकाशाला खाली डावीकडे जे शेपूट लोंबतं ना, ते. तिथल्या खाणकामगारांनी ती आपल्या डब्यांतून अमेरिकेत, लेक सुपीरियर तळ्याच्या काठावरच्या या तांब्याच्या खाणींत आणली. मागाहून आलेल्या फिनिशांनी ती डब्यांत बघितली, त्यांना ती आवडली, त्यांनी घरी करायला सुरुवात केली, आणि तीन-चार पिढ्यांत ती कुणाची हे सोयीस्कर विसरले. इथपर्यंत डेन्झिलने सोसलं असतं. पण त्यांनी तिच्यात गाजर घातलं! वरून टोमॅटो सॉस ओतला!

गाडीवर त्याचा मेव्हणा अर्वो उभा होता. अर्वो नळदुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि फिनिश समितीचा अध्यक्ष होता. दोन्ही कामं तो एकाच आवाजात करायचा.

“भावजी, लागलं का हो फार?”

“ही पाटी कुणी लिहिली?”

“मी. का? अक्षर वाईट आहे?”

“पेस्टी फिनिश कधीपासून झाली?”

“माझी आजी करायची की.”

“तुझ्या आजीला माझ्या आजीने शिकवली!”

“शिकवली ना? मग झाली आमची. शिकवलेलं कुणी परत मागतं का?”

रांगेतले लोक हसले. डेन्झिल तसा शांत माणूस. मेन स्ट्रीटवर त्याचं चष्म्याचं दुकान, गावातल्या निम्म्या नाकांवर त्याने बसवलेले चष्मे. लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. तो डॉक्टर नव्हता, पण हे सांगत बसायची त्याला कधी गरज वाटली नाही. अशा माणसाने भर गर्दीत आवाज चढवावा हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, आणि सगळ्यांत कमी त्याला स्वतःला.

“याच मोसमात, याच मैदानावर कॉर्निश रात्र होईल!” तो ओरडला. “आणि पेस्टीत गाजर नसेल!”

“वा! आणि बघायला कोण येणार, भावजी? तुम्ही आणि तुमच्या आत्याबाई?”

या वेळी हसणाऱ्यांत डेन्झिलची मुलगी काइसाही होती. निळापांढरा फिनिश झगा घालून ती नुकतीच बर्फावर नाच करून आली होती. मिनियापोलिसला नोकरी करायची, पण फिनिश रात्रीला न चुकता यायची. लहानपणी दर उन्हाळ्यात फिनिश शिबिराला गेलेली, फिनिश फाडफाड बोलणारी, आणि दंडावर फिनिश सिंह गोंदवून घेतलेली. डेन्झिलनेच तिला त्या शिबिराला हौसेने पोहोचवलं होतं, दरवेळी स्वतः गाडी चालवत. आता त्याच्या लक्षात आलं, की मुलगी आडनावापुरती ट्रेंबथ राहिली आहे. ढोपरापेक्षा हे त्याला जास्त लागलं. एकदा, फक्त एकदा भोंग्यावरून ‘कॉर्निश’ असा शब्द यावा, सभागृहाने टाळ्या वाजवाव्यात, आणि त्या टाळ्यांत काइसाचे हात असावेत, एवढीच त्याची इच्छा होती. पण हे गाडीसमोर कसं बोलणार? म्हणून तो गाजरावर भांडला.

दुसऱ्या दिवशी तो संघाच्या कार्यालयात गेला. तिथे शेल्बी नावाची मुलगी कुठल्या समाजाला कुठली रात्र द्यायची ते ठरवायची. तिचा पहिला चष्मा डेन्झिलनेच दिला होता, त्यामुळे काम चुटकीसरशी होईल अशी त्याची समजूत होती.

“ट्रेंबथकाका, कल्पना छानच आहे,” शेल्बी म्हणाली. ती प्रत्येक कल्पनेला छान म्हणायची. “पण नियम आहेत ना. प्रेक्षकांच्या खुर्च्यांचा सहा नंबरचा विभाग तुमच्या माणसांनी भरायचा. खाणं तुमचं. मध्यंतरातली करमणूक तुमची. आणि तुमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने पहिली चकती टाकून सामना सुरू करायचा.”

“मान्य. तारीख पाच मार्च पाहिजे. आमच्या संत पिरानचा दिवस आहे.”

शेल्बीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “पाच मार्च गेली, काका.”

“कुणाला? स्वीडिश?”

“कुत्र्यांना.”

डेन्झिलला वाटलं, हा कुठलातरी नवीन समाज असेल. पण नाही, कुत्रीच. आपापली कुत्री घेऊन सामना बघायची ती रात्र होती, आणि तिची तिकिटं सगळ्यांच्या आधी संपत.

“म्हणजे कुत्र्यांना रात्र आहे आणि कॉर्निशांना नाही?”

“काका, राग नका मानू. एक कुत्रं येताना घरची चार माणसं घेऊन येतं. तुमचा एक कॉर्निश किती आणतो?”

डेन्झिलने उत्तरादाखल दीडशे वर्षांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. शेल्बीने तो सगळा ‘छान’ म्हणून ऐकला आणि त्याला वारसा समितीच्या बैठकीला यायला सांगितलं.

बैठकीच्या आधी शेजारचा रेनो फाब्री सल्ला द्यायला आला. तो इटालियन रात्रीचा सर्वेसर्वा, त्यामुळे त्याचा सल्ला अनुभवाचा होता आणि न मागता मिळायचा.

“डॉक्टर, संत आहे ना तुमचा? मग झालं. पुतळा कुठाय?”

“पुतळा नाही. आम्ही मेथडिस्ट पंथाचे. आमच्यात पुतळे नसतात.”

“पुतळा नाही? मग मिरवणार काय? बरं, दारू कुठली?”

“मेथडिस्ट दारू पीत नाहीत.”

रेनोने टोपी काढली. “झेंडा तरी रंगीत असेल?”

“काळा. त्यावर पांढरा क्रूस.”

“काळा झेंडा, दारू नाही, पुतळा नाही,” रेनो म्हणाला. “डॉक्टर, लोक विचारतील, कोण गेलं?”

समितीच्या बैठकीत डेन्झिलने ठरवून एकच मुद्दा मांडला: या गावात पहिले आम्ही आलो. खाणी आम्ही खोदल्या. तो खाली बसायच्या आत अर्वो उठला.

“खोदल्या आम्ही. तुमचे वर मुकादम होते. संपाच्या वर्षी माझ्या आजोबांना खाणीवरून हाकललं ते तुमच्याच आजोबांनी, भावजी.”

“मी तेव्हा जन्मलोही नव्हतो!”

“मग पेस्टी आली तेव्हा तरी कुठे जन्मला होता?”

पुढचा बराच वेळ सगळे आपण कधी आलो ते सांगत राहिले. इटालियन कधी आले, क्रोएशियन कधी आले, स्वीडिश कुणाच्या आधी आले. टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर लोर्ना काडॉट बसल्या होत्या. जिल्ह्याच्या पाणी खात्यात अभियंता असलेल्या लोर्नाबाई ओजिब्वे. म्हणजे हे सगळे यायच्या आधी ज्यांचं हे तळं आणि हे तांबं होतं, त्या लोकांपैकी. त्या विणकाम करत सगळं ऐकत होत्या आणि मधूनमधून हसत होत्या.

“झालं का सगळ्यांचं येऊन?” त्यांनी विचारलं. “मग आमच्या रात्रीचं काय? हे तिसरं वर्ष आहे विचारायचं.”

“लोर्नाताई, ही जमीन मूळची तुमची, असा उल्लेख तर आपण प्रत्येक सामन्याआधी करतो,” शेल्बी म्हणाली. “भोंग्यावरून. अगदी आदराने.”

“ऐकते मी. राष्ट्रगीताच्या आधी, लोक पॉपकॉर्न घेत असतात तेव्हा. मी तारीख विचारतेय.”

शेल्बीने पुन्हा भिंतीकडे बघितलं. “जूनमध्ये जमेल.”

“जूनमध्ये बर्फ कुठे असतो? मैदान धुऊन कोरडं केलेलं असतं.”

“हो, पण जागा मोकळी मिळेल.”

“जागा मोकळी करून द्यायचा अनुभव आम्हालाच आहे, बाई,” लोर्ना म्हणाल्या आणि त्यांनी सुयांवरचा पुढचा टाका घातला.

हे चूक आहे, असं डेन्झिलला वाटलं. हात वर करून तसं म्हणावं, असंही वाटलं. पण नेमकं त्याच क्षणी शेल्बी म्हणाली, “काका, तुम्हाला चार मार्च चालेल का? कुत्र्यांच्या आदल्या दिवशी?” आणि त्याचा वर निघालेला हात ‘चालेल’ म्हणण्यात खर्ची पडला. न्यायाचं पुढे बघू असं त्याने मनाशी ठरवलं, आणि सगळेच असंच ठरवतात.

आता सहा नंबरचा विभाग भरायचा होता. डेन्झिलला खात्री होती, की गावात कॉर्निश पुष्कळ आहेत, फक्त ते लाजतात. तो एकेकाला दुकानात पकडू लागला. डोळे तपासायला हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाला पळता येत नाही, हा त्याच्या धंद्याचा फायदा.

“पेनहेल, तू कॉर्निश ना?”

“होतो. आता पोलिश रात्रीला जातो. सासुरवाडी तिकडची. तिथे बिअर मिळते. तुमच्याकडे काय आहे?”

“भजनं.”

“मग मी पोलिशच बरा. खालची ओळ वाचू का?”

मोजून सात कॉर्निश सापडले, त्यांतले पाच आत्याच्या चर्चमधले, ऐंशीच्या पुढचे. आठवा सापडला तेव्हा डेन्झिल हरखून गेला: वीस-बावीसचा तरणाबांड पॅस्को, अस्सल कॉर्निश आडनाव, हॉकीपटू. फक्त तो त्या दिवशी खेळायला येणाऱ्या विरुद्ध संघाचा गोलरक्षक होता.

ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे अर्थातच लव्हडे आत्या. नव्वदीची. डेन्झिलच्या वडिलांची धाकटी बहीण, चर्चच्या गायनवृंदाची प्रमुख, आणि गावात एकटीच जी त्याला ‘डेन्झ्या’ म्हणत असे.

“डेन्झ्या, एवढ्या थंडीत मी रबराची चकती टाकायला येऊ? माझी दातांची कवळी टाकते, चालेल?”

“आत्या, आपल्या लोकांचा मान आहे गं.”

“मान कसला? आपले लोक काम करायचे, चर्चला जायचे आणि लवकर झोपायचे. त्याची रात्र काय साजरी करायची?” मग म्हणाली, “येईन. पण माझ्या अंगावर बिअरचा वास आला तर उठून जाईन.”

ही अट शेल्बीला सांगितल्यावर शेल्बीने पहिल्यांदाच ‘छान’ म्हटलं नाही. बरीच घासाघीस होऊन ठरलं, की फक्त सहा नंबरच्या विभागात बिअरऐवजी चहा मिळेल. ही बातमी फुटली आणि स्थानिक साप्ताहिकात पत्रांचा पाऊस पडला. ‘मुकादमांची रात्र कशासाठी?’ असं एकाने विचारलं. ‘आमच्यावर चहाची सक्ती का?’ असं दुसऱ्याने. गावातल्या तिन्ही वेल्श लोकांनी आपल्याला वगळल्याबद्दल संयुक्त निषेध नोंदवला, आणि कुत्रेवाल्यांनी आदल्या दिवशी विभाग खराब करू नये असं बजावलं. डेन्झिल हे सगळं भिंग लावून वाचायचा आणि हेल्वीला ऐकवायचा.

“अरे, एवढं मनाला लावून घेतोस तर सोडून दे ना,” हेल्वी म्हणाली.

“सोडून दे? तुझ्या भावाने हसावं म्हणून?”

“तो काय, पाइप फुटला तरी हसतो. काइसाला फोन केलास का?”

केला होता. “बाबा, तुझी रात्र आहे, मी कशाला?” असं ती म्हणाली होती. “म्हणजे येईन, जमलं तर. बघते.” मग त्याने उगाचच तिच्या चष्म्याचा नंबर वाढला का ते विचारलं आणि फोन ठेवला.

आठ दिवस उरले तेव्हा सहा नंबरच्या विभागात कॉर्निश सात आणि खुर्च्या दोनशे, असा हिशेब होता. रात्र रद्द होणार हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी डेन्झिलने जे करायचं नाही असं ठरवलं होतं तेच केलं. तो अर्वोच्या दुकानात गेला.

अर्वोने हातातला पाना खाली ठेवला. खुर्ची दिली. डेन्झिल बोलेपर्यंत थांबला. ही सभ्यता फार लागली डेन्झिलला.

“अर्वो, माणसं पाहिजेत.”

“किती, भावजी?”

“विभागभर.”

“म्हणजे फिनिशांनी कॉर्निश व्हायचं.”

“एक संध्याकाळ. तू मला गेली तीस वर्षं फिनिश करतोयसच की.”

हे मात्र अर्वोला पटलं. “आणतो. पण आमची माणसं गाजराशिवाय पेस्टी खाणार नाहीत.”

“गाजर नाही म्हणजे नाही!”

“मग बसा तुम्ही सात जण. चहा पीत.”

हेल्वीने तोड काढली. पेस्ट्या फिनिश चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात होतील. कॉर्निशांच्या गाजराशिवाय, फिनिशांच्या गाजराच्या. आणि घोटाळा होऊ नये म्हणून जुनी कॉर्निश रीत वापरायची: पेस्टीच्या एका कोपऱ्यावर खाणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं कणकेची करून चिकटवायची. खाणीत अंधारात आपली पेस्टी कुठली हे तसंच ओळखत. कॉर्निश माणूस त्या अक्षराच्या उलट टोकाकडून खायला लागतो. आणि शेवटचा, अक्षरांचा कोपरा खात नाही. तो खाणीतल्या भुतांसाठी ठेवतो. ही बुटकी भुतं भिंतीवर ठोकठोक करून दरड कोसळायच्या आधी माणसाला सावध करतात. त्यांना घास द्यायलाच हवा. डेन्झिल अजून दुकानात टेबलाखाली कोपरा ठेवायचा, आणि तिथे उंदीर झाले होते. काइसालाही त्याने लहानपणी हे शिकवलं होतं. पण ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर म्हणाली, “बाबा, खाणी बंद पडल्या. आता भुतं कुठून येणार?” “वाट बघत असतील गं,” तो म्हणाला होता. त्यानंतर तिने कोपरा ठेवलेला त्याला काही आठवत नव्हता.

गावातल्या फिनिशांची आडनावं बघावीत तर कांगास, कोस्की, कार्वोनेन, किन्नुनेन. कणकेचे ‘के’ करून करून चर्चमधल्या बायकांची बोटं दुखायला लागली. देखरेखीला लव्हडे आत्या खुर्ची टाकून बसली होती, त्यामुळे डेन्झिल निर्धास्त होता. कॉर्निश पेस्टीची याहून मोठी पहारेकरीण पृथ्वीवर नव्हती.

चार मार्चला सहा नंबरचा विभाग गच्च भरला. दोनशे फिनिश गळ्यात काळेपांढरे मफलर घालून, हातात चहाचे कप घेऊन गंभीरपणे बसले होते. कित्येकांनी घरचे थर्मास आणले होते आणि त्यांतलं पेय चहाहून बरंच उबदार असावं, कारण सामना सुरू व्हायच्या आधीच विभाग गाऊ लागला. आत्याच्या नाकाला थंडीने काही कळलं नाही. काइसा आली होती! पण मामाशेजारी बसली होती, आणि तिच्या डोक्यावर निळीपांढरी फिनिश टोपी होती. डेन्झिलने दुरूनच हात हलवला.

लाल गालिच्यावरून आत्याने जाऊन चकती टाकली. टाकली म्हणजे फेकलीच, ती कर्णधाराच्या नडगीवर लागली. भोंग्यावरचा निवेदक म्हणाला, “आणि आज खेळणारा एकमेव कॉर्निश खेळाडू, पाहुण्यांचा गोलरक्षक, पॅस्को!” सगळ्या सभागृहाने त्याची हुर्यो उडवली. ‘कॉर्निश’ हा शब्द भोंग्यावरून आला तो असा. पॅस्को त्या दिवशी पेटला होता. रेडस्टोनचा एकही फटका त्याने आत जाऊ दिला नाही. प्रत्येक वेळी चार नंबरच्या विभागातून कुणीतरी ओरडायचा, “डॉक्टर, आवरा तुमच्या माणसाला!”

मध्यंतरात आत्याचा गायनवृंद, म्हणजे पाच म्हातारी माणसं, गालिच्यावर उभी राहून भजन म्हणू लागली. भजनाला कडवी बरीच होती, आणि आत्याला गाळलेलं खपत नसे. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी दाराशी घुरघुरत थांबली. थांबून थांबून चालकाचा धीर सुटला आणि तो त्यांच्याभोवती फेऱ्या मारत बर्फ घासू लागला. ते पाच जण न हलता गात राहिले. शेवटी मैदानाच्या मधोमध गालिच्याएवढं खडबडीत बेट उरलं. पुढच्या डावात त्याच्यावर रेडस्टोनचा मुख्य खेळाडू अडखळून पडला.

मग दुसऱ्या मध्यंतरात डेन्झिलचा क्षण आला. पहिला मानाचा घास त्याने घ्यायचा होता, आणि तो मोठ्या पडद्यावर दिसणार होता. शेल्बीने त्याच्या हातात ‘डी. टी.’ लिहिलेली पेस्टी दिली आणि तोंडापुढे माइक धरला. डेन्झिलने भाषण पाठ केलं होतं.

“मित्रहो,” तो म्हणाला. “माझ्या आजीच्या हातची चव अशीच होती. साधी. शुद्ध. हिच्यात कसलीही भेसळ नाही.” आणि त्याने उलट्या टोकाकडून मोठा घास घेतला.

पडद्यावर, दुमजली घराएवढ्या आकारात, पेस्टीच्या आतून एक गाजराचा तुकडा चमकला.

सहा नंबरचा विभाग उठून उभा राहिला. मग चार, मग पाच, मग सगळं सभागृह. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. “गा-जर! गा-जर!” डेन्झिलच्या आयुष्यात त्याच्यासाठी एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. त्यांत काइसाचेही हात होते. ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती. त्याने मागितलं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं, आणि त्याला कुठे तोंड लपवावं ते कळेना. तोंडात तर गाजर. थुंकावं तर पडद्यावर दिसणार. तो चावत राहिला, गिळत राहिला, कॅमेरा हटेना म्हणून आणखी घास घेत राहिला, आणि भानावर आला तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. भुतांचा कोपरासुद्धा त्याने खाल्ला होता. गावातल्या शेवटच्या कट्टर कॉर्निशाने.

“मीच सांगितलं घालायला,” तो शेजारी येऊन बसला तेव्हा आत्या म्हणाली. “सगळ्यांत. सलगम मला चाववत नाही. आणि तुझी आजीपण घालायची की, सलगम मिळालं नाही तर. तू दोनदोन मागून घ्यायचास.”

डेन्झिलने तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. नव्वदीच्या माणसाशी भांडून काय मिळणार?

रेडस्टोन तीन-शून्यने हरलं. बाहेर पडताना लोक डेन्झिलच्या पाठीवर थाप मारत होते आणि त्यांतल्या काही थापा जरा जोरातच होत्या. शेल्बी आली. “छान झालं, काका! पुढच्या वर्षी कुत्र्यांना दोन रात्री देतोय, त्यामुळे तुमचं बघू.” मग तिने झाडूवाल्यांना हाक मारून सांगितलं, “सहा नंबर आज राहू दे. उद्या कुत्री येणारच आहेत, खालचं खरकटं तीच साफ करतील.”

तिकीटखिडकीशी लोर्नाबाई उभ्या होत्या.

“तुम्ही सामन्याला होता?” डेन्झिलने ओशाळून विचारलं.

“छे. उद्याचं तिकीट घ्यायला आले. शेजारणीचा कुत्रा उसना घेतलाय.” त्यांनी तिकीट पर्समध्ये ठेवलं. “आत यायला काहीतरी निमित्त लागतं ना, डॉक्टर.”

त्या दिवशी बैठकीत वर न गेलेला हात डेन्झिलने कोटाच्या खिशात घातला. “पुढच्या बैठकीला मी बोलतो,” तो म्हणाला.

“बोला. मी विणकाम घेऊन येईनच.”

हेल्वी आणि बाकीचे गाडीकडे गेले. डेन्झिल मात्र मफलर विसरल्याचं सांगून पुन्हा आत गेला. सहा नंबरच्या विभागात कुणी नव्हतं. खुर्च्यांखाली कागदी कप, चुरा, सॉसच्या पुड्या. फिनिशांनी पेस्ट्या कोपऱ्यांसकट चाटूनपुसून खाल्ल्या होत्या. त्यांचंही बरोबर होतं, त्यांची भुतं निराळी. तरी तो वाकून वाकून एकेक खुर्चीखाली बघत गेला. काय शोधतोय हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत, अर्वोच्या शेजारच्या खुर्चीखाली, कागदी रुमालाची घडी करून त्यावर एक कोपरा ठेवला होता. नीट, मागे भिंतीच्या बाजूला सरकवून, कुणाचा पाय पडू नये असा. त्यावर कणकेची अक्षरं होती. के. टी.

डेन्झिल तिथेच पायरीवर बसला. ढोपर दुखत होतं. कोपरा उचलून खिशात घालावा असं त्याला फार वाटलं, कारण उद्या तो कुठल्यातरी कुत्र्याच्या पोटात जाणार होता. पण भुतांना दिलेलं परत घ्यायचं नसतं. त्याने रुमालाची घडी फक्त आणखी थोडी आत सरकवली.

गाडीत मागच्या सीटवर गाजरावरून अर्वो आणि आत्याची जुंपली होती. काइसाने पुढे वाकून विचारलं, “बाबा, इतका वेळ काय करत होतास?”

“चष्मा शोधत होतो.”

“नाकावरच आहे की!”

“हो,” डेन्झिल म्हणाला. “सापडला.” आणि काच पुसायच्या निमित्ताने त्याने तो काढला.